डिकीवाल्या गाड्या

परवा ताईकडे जेवायला गेलो होतो. आमरसानंतर माणसं जशी आडवी होतात तशी सगळी आडवी झाली होती, तेवढ्यात भाच्याने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. विजेवर चालणारी, दिसायला अगदी घरगुती अशी एक चारचाकी तीन सेकंदांत शून्यावरून शंभरावर जात होती. "मामा, तुझ्या त्या सगळ्या डिकीवाल्या गाड्या हिच्यापुढे रिक्षा आहेत रिक्षा!" पोरगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे सध्या त्याला सगळंच माहीत असतं. (ताई हे वाचणार आहे म्हणून लिहून ठेवतो, तुझा मुलगा हुशारच आहे. प्रश्न तो नाहीये.)

मी काही बोललो नाही. एक तर पोटात आमरस होता, आणि दुसरं म्हणजे आकड्यांत तो बरोबर होता. पण घरी येईपर्यंत डोक्यात त्याच्याशी वाद घालत राहिलो. असे वाद कुठेतरी उतरवून ठेवले नाहीत तर मला झोप येत नाही. म्हणून हे लिहितोय.

'डिकीवाल्या गाड्या' हा शब्द आमच्या घरात माझ्यामुळेच आला. गाड्यांची शर्यत म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर फॉर्म्युला वन येते. उघडी चाकं, मधोमध एकटा बसलेला ड्रायव्हर, पंख उलटे लावलेलं विमानच जणू. मला तिच्याबद्दल आदर आहे, पण प्रेम कधी बसलं नाही. त्या गाडीला मागची सीट नाही, डिकी नाही, आत्याला स्टेशनवर सोडून येता येत नाही. टूरिंग कार म्हणजे मुळात तुमच्याआमच्या दारात उभी राहणारी गाडी. आतल्या सीट्स, गालिचे, अस्तर काढून टाकायचं, लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवायचा, इंजिन पिळून काढायचं आणि सोडायची ट्रॅकवर. आकार तोच, दिवे तेच, कंपनीचा बिल्ला तोच.

मला हे वेड लागलं ते एका कॉम्प्युटर गेममुळे. १९९७ साली 'टोका टूरिंग कार' नावाचा गेम आला. आमच्याकडे तो मामेभावाच्या कॉम्प्युटरवर एक-दोन वर्षांनी, मे महिन्याच्या सुट्टीत पोचला. ब्रिटनमधल्या टूरिंग कार स्पर्धेच्या गाड्या त्यात होत्या. रेनॉ लगुना, फोर्ड मोंडेओ, होंडा अकॉर्ड, ऑडी ए-४, व्होल्वो एस-४०. आमच्या गल्लीत तेव्हा पद्मिनी, मारुती आणि डॉक्टरांची अँबॅसिडर, संपलं. पुढे २००१ च्या आसपास अकॉर्ड आणि मोंडेओ आपल्याकडेही विकायला आल्या. कर्वे रस्त्यावर सिग्नलला पहिली मोंडेओ दिसली तेव्हा मी सायकलवरून उतरलो. मागे एक साहेब पेपर वाचत बसले होते. त्यांना काय कल्पना, की रोज ऑफिसला जातो त्या गाडीला हा मुलगा ब्रँड्स हॅचच्या उतारावर बंपर घासताना पाहून आलाय!

तर सांगायचा मुद्दा हा. या गाड्या मला आवडतात त्या वेगासाठी नाही. त्यांच्यामागे एक नियम होता, त्या नियमासाठी आवडतात.

१९८२ पासून टूरिंग गाड्यांसाठी 'ग्रुप ए' नावाचे नियम लागू झाले. त्यातली मुख्य अट सोपी होती: जी गाडी पळवायची आहे ती आधी बाजारात विकायची, बारा महिन्यांत निदान ५००० नग. पुढे तीत सुधारणा करून आणखी जहाल आवृत्ती पळवायची असेल तर त्याही सुधारित गाडीचे ५०० नग काढायचे. याला होमोलोगेशन म्हणतात. शब्द जड आहे, पण अर्थ आजीलासुद्धा पटेल असा. नैवेद्य दाखवला तोच पानात वाढायचा. देवाला एक आणि पंगतीला दुसरं असं चालणार नाही.

या एका अटीने काय काय घडवलं ते पाहण्यासारखं आहे.

फोर्डची सिएरा ही इंग्लंडातल्या फिरत्या विक्रेत्यांची गाडी. गळ्यात टाय, मागे टांगलेला कोट, डिकीत नमुन्यांच्या पेट्या. फोर्डला शर्यत जिंकायची होती, म्हणून त्यांनी १९८६ साली तिच्यात कॉसवर्थचं टर्बो इंजिन घातलं आणि पाच हजारांवर गाड्या विकल्या. मग १९८७ मध्ये सुधारित ५०० काढल्या, तीच आरएस-५००. आता यातली गंमत ऐका. या गाडीच्या इंजिनावर पेट्रोल फवारणारे इंजेक्टर चारऐवजी आठ होते, आणि त्यातले चार चालतच नव्हते! रस्त्यावरच्या मालकाला त्यांचा काडीचा उपयोग नव्हता. पण शर्यतीत आठही लागणार होते, आणि शर्यतीत हवं ते विकलेल्या गाडीत असलंच पाहिजे असा नियम, म्हणून कंपनीने ते प्रत्येक गिऱ्हाइकाच्या गाडीत बसवून दिले. रस्त्यावर सुमारे २२५ अश्वशक्तीची ती गाडी ट्रॅकवर पाचशेच्या पुढे जायची. म्हणजे मँचेस्टरच्या कुणा माणसाच्या गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या गाडीत अर्धी शर्यत झोपलेली होती. मला ही कल्पना अजूनही फार आवडते.

बीएमडब्ल्यूची पहिली एम-३ तशीच. १९८६ पासून विकायला आलेली ही गाडी साध्या ३-सिरीजसारखी दिसते, पण शेजारी उभी करून बघा. मागच्या काचेचा कोन वेगळा, डिकीचं झाकण उंचावलेलं, कारण त्यावरच्या पंखाला वारा नीट लागायला हवा. मडगार्ड फुगलेले, कारण आत रुंद चाकं जायची आहेत. इंजिन चारच सिलिंडरचं, २.३ लिटर. मोठं सहा सिलिंडरचं इंजिन कंपनीकडे होतं, पण चार सिलिंडरचं हलकं आणि आखूड, जास्त फिरायला तयार. सौंदर्यासाठी म्हणून तिच्यात जवळपास काहीच केलेलं नाही, आणि तरी मला तिच्याइतकी देखणी गाडी दुसरी दिसत नाही. १९८७ साली झालेल्या टूरिंग गाड्यांच्या जागतिक स्पर्धेत रोबेर्तो राव्हालिया याच गाडीतून ड्रायव्हरांचा विजेता ठरला. त्याच्यासमोर सिएरा होत्या, ताकदीने कितीतरी दांडग्या. एम-३ ची खरी कमाल वळणांवर होती.

जपानात निस्सानने तर नियमाच्या वहीवरूनच गाडी बेतली. टर्बो इंजिन असेल तर त्याच्या सीसीला १.७ ने गुणायचं आणि येईल त्या वर्गात बसायचं असा हिशोब होता. वर्गाप्रमाणे गाडीचं किमान वजन आणि टायरची रुंदी ठरायची. म्हणून १९८९ च्या स्कायलाइन जीटी-आरचं इंजिन २५६८ सीसीचं. गुणा १.७ ने, साडेचार लिटरच्या वर्गात अलगद बसतं. ही गाडी १९९० ते १९९३ या काळात जपानच्या ग्रुप ए स्पर्धेत २९ पैकी २९ शर्यती जिंकली. ऑस्ट्रेलियात बाथर्स्टची हजार किलोमीटरची शर्यत १९९१ आणि १९९२ अशी सलग दोनदा नेली, तेव्हा आपल्या व्ही-८ गाड्यांवर जीव असलेले तिथले लोक इतके चिडले की विजेत्यांची हुर्यो उडवली. १९९३ पासून ऑस्ट्रेलियाने नियमच बदलले.

आता भाचा म्हणेल, मामा, हे सगळं गुळगुळीत करून सांगतोयस. बरोबर आहे, लबाड्या पुष्कळ झाल्या. १९८७ च्या बाथर्स्टमध्ये पहिल्या दोन आलेल्या सिएरा पुढे बाद ठरल्या, कारण त्यांची मडगार्ड्स नियमात बसत नव्हती. जेतेपद गेलं पीटर ब्रॉक आणि त्याच्या दोन साथीदारांच्या होल्डनकडे. आणि डिकीवरूनच सांगायचं तर १९९४ ची ब्रिटिश स्पर्धा घ्या. अल्फा रोमिओने १५५ गाडीची एक खास आवृत्ती विकायला काढली आणि पंखाचे जादा भाग चक्क डिकीत ठेवून दिले. गिऱ्हाइकाने लावायचे तर लावावेत! विकलेल्या गाडीसोबत दिलेत ना, मग शर्यतीत लावू, असा त्यांचा युक्तिवाद. गाब्रिएले तार्क्विनी एकामागून एक शर्यती जिंकत सुटला, बाकीच्या कंपन्यांनी बोंब मारली, ओल्टन पार्कला अल्फाने रागाने गाड्या माघारी नेल्या. शेवटी तडजोड झाली आणि वर्षाचा विजेता तार्क्विनीच ठरला.

पण या लबाडीतसुद्धा बघा, पंख लपवायला डिकीच लागली. म्हणजे गिऱ्हाइकाला काहीतरी द्यावंच लागलं. नियम वाकवायचा तरी रस्त्यावरच्या गाडीला वगळून वाकवता येत नव्हता.

त्याच वर्षी व्होल्वोने ८५० इस्टेट पळवली. आपल्याकडे व्होल्वो म्हणजे पुण्या-मुंबईची बस. तिकडे व्होल्वो म्हणजे दोन मुलं, एक कुत्रा आणि सामान भरलेली लांबलचक डिकी. तीच गाडी, त्याच डिकीसकट, शर्यतीत! पाचव्या क्रमांकाच्या पुढे ती कधी गेली नाही. लोक हसले, तर एका संचलन फेरीत त्यांनी मागे खोटा कोली कुत्रा बसवून फिरवला. पुढच्या वर्षी ते चार दारांच्या साध्या गाडीकडे वळले आणि १९९८ मध्ये रिकार्ड रिडेल एस-४० मधून विजेता झाला. पण आज कुणालाही विचारा, आठवते ती इस्टेट. कारण प्रत्येकाच्या ओळखीत तशी गाडी असलेला एक काका होता.

या गाड्या मी प्रत्यक्ष पाहिल्या त्या २०१८ च्या जुलैत. कंपनीच्या कामासाठी सहा महिने मिल्टन कीन्सला होतो आणि सिल्व्हरस्टोन तिथून जवळच. त्या वर्षी ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धेला ६० वर्षं झाली होती. जुन्या गाड्यांच्या त्या जत्रेत पॅडॉकमध्ये कुणीही हिंडू शकतं. दोरी नाही, 'हात लावू नये'ची पाटी नाही. मी सकाळी आठला गेलो आणि संध्याकाळी पाय दुखेपर्यंत हिंडलो.

आवाजाबद्दल आधी लिहितो. नव्वदच्या दशकातल्या सुपर टूरिंग गाड्या दोन लिटरच्या, टर्बो नाही, इंजिनाला ८५०० फेऱ्यांची मर्यादा, ताकद साधारण ३०० अश्वशक्ती. कागदावर आज कुणी हिंग लावून विचारणार नाही. पण ते इंजिन जवळून ऐकलं तेव्हा माझ्या छातीत काहीतरी हललं. ब्रेक मारत खालचे गिअर टाकताना तो आवाज दाणदाण पायऱ्या उतरल्यासारखा येतो. गेममध्ये तो मी शेकडो वेळा ऐकला होता, पेट्रोलच्या आणि तापलेल्या ब्रेकच्या वासाशिवाय.

एका गाडीचं दार चेपलेलं होतं. सकाळच्या फेरीत कुणीतरी आत घुसलं होतं. सत्तरीच्या घरातले मालक चड्डी-बनियनवर उकिडवे बसून रबरी हातोडीने पत्रा सरळ करत होते. मी विचारलं, इतकी जुनी, इतकी मोलाची गाडी, जिवावर येत नाही का असं पळवायला? त्यांनी हातोडी न थांबवता सांगितलं की ही गाडी घासून घेण्यासाठीच बांधली होती, कपाटात ठेवायला त्यांच्याकडे आईची चिनी मातीची भांडी आहेत.

नंतर गवतावर बसून डबा खाताना (हो, डबा नेला होता) जाणवलं की ही जागासुद्धा मुळात शर्यतीची नव्हे. सिल्व्हरस्टोन हा दुसऱ्या महायुद्धातला विमानतळ. आपल्याकडे मद्रासजवळचं शोलावरम तसंच, युद्धकाळातली धावपट्टी, आणि तिथे वर्षानुवर्षं शर्यती होत. त्यात आपल्या फियाटसुद्धा पळत. म्हणजे तीच, बाबांनी लग्नाला, दवाखान्यात, गणपती आणायला नेलेली फियाट. आपली टूरिंग कार!

मग हा नियम गेला कुठे? कुणी मारला नाही, पैशाने मेला. सुपर टूरिंगमध्ये कंपन्यांनी एकमेकांच्या वरचढ होण्यासाठी इतका खर्च केला की एकेक करून त्या निघून गेल्या. २००० साली ब्रिटिश स्पर्धेत तीनच कंपन्या उरल्या: फोर्ड, होंडा आणि व्हॉक्सहॉल. त्यानंतर स्पर्धा टिकवायची म्हणून स्वस्त नियम आले. आज बऱ्याच मालिकांमध्ये गाड्यांचे पुष्कळ भाग सगळ्यांना सारखेच असतात, नाहीतर जास्त पळणाऱ्या गाडीवर वजन टाकून, ताकद कमी करून सगळ्यांना एका पातळीवर आणतात. त्यामुळे शर्यती चुरशीच्या होतात, हे मान्य. मी बघतोही. पण शोरूममधली गाडी घेताना तिच्यात न चालणारे चार इंजेक्टर मिळण्याचे दिवस गेले. गाडी विकणारा आणि गाडी पळवणारा यांनी एकमेकांचं ऐकलंच पाहिजे अशी सक्ती राहिली नाही. माझं दुःख ते आहे. "आमच्या वेळी सगळं चांगलं होतं" हे नाही. आमच्या वेळी गाड्यांना एअरबॅग नव्हत्या, आणि एसी म्हणजे उघडी खिडकी.

आणि दुसरं दुःख त्याहून मोठं. त्या जुन्या गाड्यांचं आता काय होतंय बघा. २०२३ मध्ये इंग्लंडात एक आरएस-५०० लिलावात जवळजवळ सहा लाख पौंडांना गेली. म्हणजे सुमारे सहा कोटी रुपये! का? कारण ती जेमतेम पाच हजार मैल चालली होती. फिरत्या विक्रेत्याच्या गाडीपासून घडलेल्या, रस्त्यावर विकलीच पाहिजे म्हणून जन्मलेल्या गाडीला सगळ्यात जास्त किंमत कधी? तर ती कुणी चालवलीच नसेल तेव्हा. तो नियम म्हणत होता की ही वस्तू लोकांच्या हातात गेली पाहिजे. आपण ती त्यांच्या हातातून काढून तिजोरीत ठेवली. माझ्या मते ते सिल्व्हरस्टोनचे आजोबाच खरे जतन करणारे. दार चेपलं तर पत्रा ठोकता येतो. न चालवता ठेवलेल्या गाडीचं रबर कडक होतं, टाकीत गंज धरतो, ब्रेक जाम होतात, आणि चालवायची कशी हे ठाऊक असलेली माणसंही एक दिवस निघून जातात.

भाच्या, तुला एवढंच म्हणायचं होतं. तुझी विजेची गाडी जास्त वेगवान आहे, प्रश्नच नाही. मला ती आवडलीसुद्धा. तिची शर्यत लाव, आणि शर्यतीत पळेल तीच दुकानात विक अशी अट घाल. मी पहिल्या रांगेत येऊन बसतो.

आता जे लिहायला इतकं लांबण लावलं ते. ताई, तू गेल्या महिन्यात फोनवर म्हणालीस की बाबांच्या पद्मिनीचा निर्णय घेऊन टाकू. बरोबर आहे तुझं. सोसायटीची दुसरी नोटीस आली आहे, कव्हर फाटलंय, आणि मांजरीने खाली दोनदा संसार थाटला. एका हॉटेलवाल्याने विचारलंय हेही खरं. इंजिन काढून, रंग मारून, दारात कुंड्यांमध्ये उभी करणार म्हणे. पैसे बरे देतोय. मुंबईत तर २०२३ च्या ऑक्टोबरात पद्मिनी टॅक्सीसुद्धा रस्त्यावरून गेली, त्यामुळे लोकांना आता तिच्याबरोबर फोटो काढायचे असतात.

मी त्याला अजून हो म्हटलेलं नाही, आणि हा लेख म्हणजे माझं 'नाही' आहे. त्या गाडीने काही कुठली शर्यत जिंकली नाही. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगजवळचा गिअर, खंडाळ्याच्या घाटात दर वेळी उकळणारं पाणी. पण बाबा तिला वस्तू म्हणून जपत नव्हते, तिला वापरत होते. दर रविवारी बोनेट उघडायचे आणि आपल्याला पाना धरायला उभं करायचे. त्यांना कुंड्यांमधली पद्मिनी बघवली नसती.

गॅरेजवाल्याशी बोललो आहे. रबरी नळ्या सगळ्या बदलाव्या लागतील, कारण हल्लीचं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही. ब्रेक, रेडिएटर, वायरिंग हेही आहे. मग आरटीओत पासिंग, पर्यावरण कर. खर्च माझा. तुला हिस्सा हवा असेल तर तोही देईन, त्यावरून आपल्यात काही नको.

फक्त एक कर. येत्या रविवारी सकाळी पोराला इकडे पाठव. कार्ब्युरेटर उघडायचाय, आणि पाना धरायला कुणीतरी लागेल.